सरळ फेक, खुले मैदान

परदेशी जाऊन आलेली माणसे उंच इमारती, रुंद रस्ते आणि झगमगती दुकाने यांचेच वर्णन जास्त करतात. ते वाचून वाचून आपल्या वाचकांना पाठ झाले असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली ज्या देशात उच्च शिक्षणासाठी गेले, त्या अमेरिकेतील एका साध्या मैदानाची ओळख आज आम्ही करून देणार आहोत. या मैदानावर खेळायला तिकीट लागत नाही, सभासद व्हावे लागत नाही, ठरावीक पोशाख लागत नाही. तिथे कामगार येतो, शिक्षिका येते, शाळकरी पोरे येतात, म्हातारी माणसे येतात. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची एक तबकडी असते. ती लांब आणि सरळ कशी जाईल, एवढाच प्रत्येकाचा ध्यास असतो. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. साधा दिसणारा हा खेळ पाहता पाहता आम्हाला जे शिकायला मिळाले, ते आपल्या घरातल्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ओक ग्रोव्हची राई

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला पॅसाडेना नावाचे शहर आहे. त्याच्या पाठीशी सॅन गॅब्रिएल डोंगराची भिंत उभी आहे. आमचा पुतण्या त्या भागात नोकरीला असल्यामुळे आम्ही उभयता काही आठवडे तिथे राहिलो. डोंगरातून एक ओढा खाली येतो. त्याचे नाव आरोयो सेको. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ कोरडा ओढा. वर्षातले बरेच महिने तो खरोखरच कोरडा असतो, पण पाऊस झाला की पिसाळतो. त्याला आवर घालण्यासाठी १९२० साली डेव्हिल्स गेट हे धरण बांधले गेले. धरणाच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी ओक वृक्षांची राई आहे. तेच ओक ग्रोव्ह. आज त्या उद्यानाचे नाव हाहामोंग्ना असे आहे. गोरे लोक येण्याआधी तिथे टोंग्वा नावाचे मूळनिवासी राहत. हे नाव त्यांच्या भाषेतले. वाहते पाणी आणि फळती दरी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ज्यांची जमीन गेली, त्यांचे नाव तेवढे पाटीवर परत आले आहे!

उद्यानाच्या शेजारीच जेपीएल ही जगप्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. १९३६ साली याच ओढ्यात काही तरुणांनी अग्निबाणाच्या चाचण्या केल्या, त्यातून ती उभी राहिली. मंगळावर गाड्या पाठवणारे शास्त्रज्ञ तिथे काम करतात. कुंपणाच्या अलीकडे आपली साधी माणसे तबकड्या फेकतात. पण दोघांपुढे प्रश्न एकच असतो. हातातून सुटलेली वस्तू नेमकी हव्या त्या ठिकाणी कशी जाईल?

तबकडीचा जन्म

फ्रेड मॉरिसन नावाच्या गृहस्थाने १९५५ साली 'प्लूटो प्लॅटर' नावाची प्लॅस्टिकची उडती तबकडी तयार केली. १९५७ सालापासून व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीने ती विकायला आणली. तीच पुढे फ्रिस्बी म्हणून गाजली. त्या कंपनीतील एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर बारीक गोल रेघा उठवल्या, त्यामुळे ती हवेत अधिक स्थिर उडू लागली. या सुधारणेचे पेटंट त्यांना १९६७ साली मिळाले. याच हेड्रिक यांनी १९७५ साली ओक ग्रोव्हमध्ये डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. आज जगभर या खेळाची हजारो मैदाने आहेत. त्या सर्वांची मूळ गंगोत्री ही ओकची राई!

सुरुवातीला निशाण म्हणून नुसते खांब रोवले होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून खेळाडूंची हुज्जत व्हायची. मग हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या सोडल्या आणि खाली टोपली बसवली. तबकडी साखळ्यांना धडकते आणि टोपलीत पडते. वाद मिटला. या टोपलीचे पेटंट १९७७ सालचे. हेड्रिक २००२ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा नव्या तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. माणूस आपल्या कामात किती मिसळून जाऊ शकतो, त्याचे हे उदाहरण!

खेळाचा नियम सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची. तबकडी जिथे पडेल तिथून पुढची. टोपलीत पडेपर्यंत किती फेका लागल्या ते मोजायचे. अशा अठरा टोपल्या. ज्याच्या फेका कमी, तो जिंकला. नेहमीच्या गोल्फला मैलभर हिरवळ लागते, तिला पाणी लागते आणि आत जायला बहुधा पैसा लागतो. इथे झाडे तोडावी लागत नाहीत, उलट झाडे हाच खेळातला अडथळा. अमेरिकेतील या खेळाची बहुसंख्य मैदाने सार्वजनिक उद्यानांत असून ती फुकट आहेत.

मधल्या पल्ल्याची तबकडी

तबकड्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. जवळून टोपलीत टाकण्याची पटर, लांब पल्ल्याची ड्रायव्हर आणि या दोहोंच्या मधली मिडरेंज. ड्रायव्हरची कड रुंद आणि धारदार असते. ती वेगाने जाते, पण नवशिक्याच्या हातून वेडीवाकडी वळते. मिडरेंजची कड अरुंद व बोथट, वजन साधारण १७० ते १८० ग्रॅम. ती हातातली चूक लपवत नाही आणि फार वाढवतही नाही. म्हणून जाणती माणसे नवशिक्याला सांगतात की आधी मधली तबकडी सरळ फेकायला शिक. आपल्याला तर मधल्या मार्गाचे महत्त्व वेगळे सांगायला नको!

पुतण्याची मुलगी, म्हणजे आमची नात, बारा वर्षांची आहे. शाळेच्या संघात तिला घेतले नाही. तेव्हापासून खेळ हा आपला प्रांत नव्हे, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. बापाने आग्रह करून तिला ओक ग्रोव्हला आणले. ती दात-ओठ खाऊन तबकडी फेकायची. तबकडी घारीसारखी वर चढायची, हवेत क्षणभर थांबायची आणि डाव्या हाताला कोसळायची. शंभर फूटसुद्धा जात नसे.

तिथे एक कृष्णवर्णीय वृद्ध रोज यायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे खांद्यावर पिशवी घेऊन घरोघर पत्रे वाटलेली. आम्ही आपसात त्यांना टपालवाले आजोबा म्हणू लागलो. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगाने सडसडीत. पण त्यांची मिडरेंज अडीचशे फुटांवर दोरीत गेल्यासारखी जाऊन पडायची. नात एकदा चिडून आम्हाला म्हणाली, "आजोबा, मी एवढा जोर लावते तरी ती खालीच पडते. ते तर जोर लावतच नाहीत. असं कसं?" पुतण्याने तिचा प्रश्न इंग्रजीत त्यांच्या कानावर घातला. ते हसले आणि म्हणाले की जोर नंतर, आधी क्रम. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिची शिकवणी सुरू केली.

जोर नंतर, आधी क्रम

त्यांनी शिकवलेले आम्ही जसेच्या तसे टिपून घेतले. हे उजव्या हाताने, तळहात आपल्याकडे ठेवून करायच्या फेकीविषयी आहे. डावखुऱ्यांनी उलट समजावे.

पहिली गोष्ट पकड. चारही बोटे कडेच्या आत वळवायची, अंगठा वरच्या बाजूला सपाट ठेवायचा. तबकडी हाताच्या रेषेत असावी. नात मूठ इतकी आवळायची की मनगट लाकडासारखे व्हायचे. ताठरलेले मनगट झटका देऊ शकत नाही आणि सैल हातातून तबकडी आधीच निसटते. हे ऐकताना आम्हाला भगवान बुद्धांनी सोणाला दिलेला वीणेचा दाखला आठवला. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. पुतण्याने तो आजोबांना समजावून सांगितला. ते पुढे रोज नातीला विचारायचे, "आज तार कशी आहे?"

दुसरी गोष्ट उभे राहणे. उजवा खांदा निशाणाकडे, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. पहिले काही दिवस त्यांनी तिला एक पाऊलही धावू दिले नाही. जागेवर उभे राहून सरळ फेक जमत नसेल, तर धावत जाऊन फक्त चूक मोठी होते, असे त्यांचे म्हणणे.

तिसरी गोष्ट हात मागे नेणे. नुसता हात मागे नेऊन उपयोग नाही. कंबर आणि खांदे वळून पाठ जवळजवळ निशाणाकडे यायला हवी. मग तबकडी छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत पुढे ओढायची. बहुतेक नवशिके इथेच फसतात. तबकडी अंगाभोवती गोल फिरवतात. गोल फिरलेली तबकडी जरा आधी सुटली तर डावीकडे जाते, जरा उशिरा सुटली तर उजवीकडे. सरळ रेषेत ओढलेल्या तबकडीची दिशा सहसा बिघडत नाही.

चौथी गोष्ट कोपर. ओढताना कोपर पुढे राहिले पाहिजे आणि दंड छातीपासून सुटा. दंड छातीला चिकटला की तबकडीला जागाच उरत नाही. मोठे झाड कवेत घेतल्यासारखे छाती आणि हात यांच्यामध्ये अंतर ठेव, असे ते सांगायचे.

पाचवी गोष्ट सर्वात महत्त्वाची. फेक पायापासून सुरू होते. आधी भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतो. पुढचा पाय घट्ट रोवला जातो. मग कंबर उघडते, त्यानंतर खांदा, त्यानंतर कोपर आणि सर्वात शेवटी मनगट. घण मारणाऱ्या कामगाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. तो पायापासून घण उचलतो आणि शेवटच्या क्षणी सोडतो. नुसत्या दंडाने घण मारणारा तासाभरात थकतो. सुरुवात संथ आणि वेग शेवटी, हे या खेळाचे सूत्र. पुतण्याने लगेच म्हटले, "काकू, तू ओली चादर वाळत घालताना झटकतेस ना, तसाच हा झटका." खरेच होते ते! चादर झटकताना सारा जोर शेवटच्या टोकाला लागतो, आधी नाही.

सहावी गोष्ट तबकडीची पुढची कड. नातीची तबकडी वर चढून पडायची, त्याचे कारण हेच होते. सुटताना पुढची कड वर उचललेली असली की वारा तबकडीच्या पोटाला लागतो. ती वर चढते, वेग मरतो आणि डावीकडे कोसळते. कड अगदी किंचित खाली हवी. त्यासाठी कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट थोडे वळवायचे, अंगठ्याने कड हलकेच दाबायची.

सातवी गोष्ट शेवट. तबकडी सुटली म्हणून अंग तिथेच थांबवायचे नाही. टाचेवर फिरत शरीराला पूर्ण वळू द्यायचे, नाहीतर गुडघ्याला आणि खांद्याला इजा होते.

तबकडी सरळ का जाते, तेही त्यांनी सांगितले. आपल्याकडे भोवरा खेळलेल्या मुलाला ते लगेच कळेल. जाळी नीट ओढली तर भोवरा एका जागी उभा राहून फिरतो. ओढताना हात हलला तर डुगडुगतो. तबकडीचेही तेच. भरपूर गिरकी मिळाली आणि सुटताना डुगडुगली नाही, तर ती आपली पातळी सोडत नाही. उजव्या हाताची अशी फेक शेवटी वेग कमी झाल्यावर थोडी डावीकडे झुकतेच. तो तिचा स्वभाव आहे. खेळाडूने तो धरून निशाण घ्यायचे.

नात रोज एकाच झाडाकडे दहा फेका करू लागली. जोर निम्म्याहून थोडा जास्त, एवढाच. पुतण्या मागे उभा राहून मोबाइलवर चित्रण करायचा आणि दोघे मिळून ते पाहायचे. एका दिवशी एकच गोष्ट सुधारायची, असा आजोबांचा दंडक होता. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिची तबकडी जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून सळसळत गेली आणि दीडशे फुटांच्या पुढे जाऊन अलगद बसली. तिने जोर लावला नव्हता. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

मंगळवारचे पाणी

त्या संध्याकाळी ओकच्या सावलीत बसून आजोबांनी जे सांगितले, त्यासाठीच हा लेख लिहायचे आम्ही ठरवले. याच ओढ्याच्या काठाने काही मैल खाली गेले की ब्रुकसाइड उद्यान लागते. तिथे १९१४ साली पोहण्याचा सार्वजनिक तलाव सुरू झाला. सार्वजनिक, पण गोऱ्यांसाठी! काळे, मेक्सिकन, जपानी अशा सर्वांना आठवड्यातून फक्त एक दिवस, मंगळवारी, प्रवेश मिळे. त्यांचा दिवस संपला की तलावातले पाणी सोडून देत आणि तो साफ करून पुन्हा भरत. आजोबांची आई लहानपणी मंगळवारी तिथे पोहायला जायची. आपल्या अंगाने पाणी विटाळते, हे तिला तिथे कळले.

वाचकहो, हे ऐकून आमच्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे उभे राहिले. २० मार्च १९२७! सातासमुद्रापार तेच पाणी, तोच विटाळ. आम्ही त्यांना महाडची हकिकत सांगितली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि नंतर कर्मठांनी घागरींनी गोमूत्र-शेण ओतून तळ्याची शुद्धी केली, हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पॅसाडेनाच्या तलावासाठी तिथल्या काळ्या समाजाने कोर्टात दाद मागितली. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १९४७ साली तो सर्वांना खुला झाला. त्याच वर्षी, १५ एप्रिल १९४७ रोजी, पॅसाडेनातच वाढलेला जॅकी रॉबिन्सन अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत उतरला आणि तिथली वर्णभेदाची भिंत पडली. त्याची आई मॅली घरकाम करून मुलांना वाढवत होती. थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले. पहिला आला होता जेसी ओवेन्स. हे पदक घेऊन गावी परतलेल्या मॅकला पॅसाडेनाने काम दिले ते रस्ते झाडण्याचे! १९९७ साली नगरभवनासमोर दोघा भावांची भव्य कांस्यशिल्पे बसवण्यात आली. आम्ही मुद्दाम जाऊन ती पाहिली.

आजोबांचे एक वाक्य आमच्या मनात रुतून बसले आहे. ते म्हणाले, "गोरा माणूस सरळ फेकतो तेव्हा लोक म्हणतात, याने अभ्यास केला आहे. मी फेकतो तेव्हा म्हणतात, यांच्या अंगातच असते. अंगात काही नसते. ही फेक शिकायला मला बारा वर्षे लागली."

बंधू-भगिनींनो, हे आपल्यालाही लागू नाही का? पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला सांगितले गेले की तुमच्याकडे अंगमेहनत, आमच्याकडे कला आणि विद्या. बळ तुमचे, बुद्धी आमची. पण तबकडीची साधी फेक बघा! तिच्यात बळापेक्षा क्रम जास्त, जोरापेक्षा समज जास्त. आणि जे क्रमाने होते ते शिकवता येते, शिकता येते. ते कोणाच्या जन्माबरोबर येत नाही. फक्त शिकण्यासाठी एक मैदान लागते, जिथून कोणी हाकलणार नाही. आणि एक शिकवणारा लागतो, जो पोरीला 'तुला जमणार नाही' असे म्हणणार नाही. ब्रुकसाइडचा तलाव आणि चवदार तळे, दोन्ही ठिकाणच्या लढाया पाण्यासाठी तर होत्याच, पण सर्वांसाठी असलेली जागा खरोखर सर्वांची व्हावी यासाठीही होत्या. ज्यांनी त्या लढल्या, त्यांच्यामुळे आज आमची नात निर्धास्तपणे त्या राईत उभी राहू शकते.

आपल्या घरी

टोपली आणि साखळ्या नसल्या तरी अडत नाही. साध्या खेळण्याच्या तबकडीवरही हे शिकता येते. ती हलकी असल्याने जास्त तरंगते, पण पाय, कंबर, कोपर, मनगट हा क्रम तोच. निशाण म्हणून झाड किंवा उभा केलेला बांबू चालेल. मात्र गल्लीत, गर्दीत फेकू नये. खेळाच्या खऱ्या तबकडीची कड कडक असते, लागली तर जखम होते. पुढे माणूस दिसला की थांबायचे, हा पहिला नियम. खेळण्याआधी खांदे आणि मनगटे मोकळी करून घ्यावीत.

सुट्टीच्या दिवशी विहारातील वंदना आटोपल्यावर मुलांना जवळच्या मैदानावर न्यावे. मुलींना आवर्जून न्यावे. आणि मैदानच नसेल, त्यावर कोणी कुंपण घातले असेल, तर चार माणसांनी मिळून पालिकेत अर्ज करावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. मैदान मागणे हाही आपला हक्कच आहे.

नातीचा परवा फोन आला होता. टपालवाल्या आजोबांनी तिला आता एक पाऊल टाकून फेकायची परवानगी दिली आहे. आणि तिच्याकडे शिकायला शेजारची दोन मुले येऊ लागली आहेत. ती त्यांना पहिल्या दिवशी काय सांगते? "जोर नंतर, आधी क्रम!"

जय भीम!